कल्याणच्या पुढचे तीन किलोमीटर

शहाडचा माणूस मुंबईत कुणी पत्ता विचारला की ‘कल्याणला राहतो’ म्हणून मोकळा होतो. त्यात शहाडची लाज नसते, पुढची प्रश्नोत्तरे टाळायची असतात. कसारा मार्गावर कल्याणनंतरचे हे पहिलेच स्टेशन, अंतर जेमतेम तीन किलोमीटर. मुंबईहून कल्याणपर्यंतचे ५४ किलोमीटर फास्ट लोकल तासाभरात उरकते; पुढच्या तीन किलोमीटरला मात्र कधीकधी अर्धा तास लागतो. अंबरनाथ, बदलापूर, कर्जतच्या गाड्या कल्याणहून दुसरीकडे वळतात. आपल्या कामाच्या त्या टिटवाळा, आसनगाव, कसाऱ्याच्या. त्यातली एक हुकली की जिना चढा, बाहेर या आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा. रुग्णालयातली दुपारची पाळी संपवून रात्री परतणाऱ्या परिचारिकेला सगळ्यात मोठा वाटतो तो हाच तुकडा.

लोकलमधली गर्दी किरकोळ आहे, असे कोण म्हणेल? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसे रुळांवर पडली, काहींचे प्राण गेले. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली, ती हवीच होती. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झाले, तीही हवी. पण मोठ्या कामांचा वेग आपल्याला ठाऊक आहे. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला आणि नवा सुरू झाला तो जानेवारी २०२१मध्ये. तोवर माणसांनी रोज घरी पोचायचे कसे?

शहाडची खरी अडचण पैशाची आहे, असे मला वाटत नाही. ती हद्दीची आहे. स्टेशनच्या एका अंगाला उल्हासनगर महापालिका, दुसऱ्या अंगाला कल्याण-डोंबिवली. मधले रूळ रेल्वेचे. रुळांवरून जाणारा उड्डाणपूल कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरचा, म्हणजे तो राष्ट्रीय महामार्ग. रिक्षाचे भाडे ठरवणारे आणखी कुणी वेगळेच. चार घरचा पाहुणा उपाशी, तशी आमची गत. पदपथ एका हद्दीत सुरू होतो आणि दुसरी हद्द आली की गटारात उतरतो. (उतरतो हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.)

मी तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली. आमच्या धंद्यात एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या बँका असत, एकीचा खातेदार दुसरीने पळवला की तिसरीला आनंद होई. तरीही रोज ठरल्या वेळी प्रत्येक बँकेचा माणूस धनादेशांचा गठ्ठा काखोटीला मारून क्लिअरिंग हाऊसमध्ये हजर होई. तुमचे आमच्याकडे इतके, आमचे तुमच्याकडे तितके. उरलेल्या फरकाची काय ती नोंद रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात. खातेदाराला यातले काही कळत नसे, आणि कळायचे कारणही नव्हते. त्याने आपल्या शाखेत धनादेश भरला की त्याचे काम संपले.

प्रवाशाच्या तिकिटाचे असे का होऊ नये? जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने १९६५ साली नेमके हेच केले. तिथे रेल्वे, बस आणि होडी चालवणारे वेगवेगळे होते. त्यांनी मिळून संस्था काढली, तिकीट एक केले आणि पैशाची वाटणी आपापसात करू लागले. त्या वेळी संगणक आजच्यासारखा खिशात नव्हता. आपल्याकडे २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांसाठी एकच वाहतूक प्राधिकरण सुचवले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये ‘मुंबई वन’ हे अ‍ॅप आले, त्यात उपनगरी रेल्वे आहे, बेस्ट आहे, आमची केडीएमटीही आहे. चांगली सुरुवात. पण आरंभीच्या त्या ११ सेवांच्या यादीत उल्हासनगरचे नाव नव्हते. म्हणजे शहाडला पुलाच्या कुठल्या बाजूला उतरता, यावर तुम्ही नव्या युगात आहात की जुन्या, हे ठरायचे!

आणि तिकीट एक होऊन बस दोनच मिनिटे आधी निघून गेली, तर त्या तिकिटाचे काय लोणचे घालायचे? बसचे वेळापत्रक लोकलला बांधलेले हवे. रात्रीच्या शेवटच्या चार-पाच गाड्यांसाठी तरी स्टेशनबाहेर छोटी बस उभी असावी; गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर बसने दहा मिनिटे थांबावे. रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. गल्लीबोळात बस शिरणार नाही, तिथे रिक्षाच लागणार. त्यांनाही या हिशेबात घ्या, उजेडातला थांबा द्या, भाड्याचा फलक लावा.

दोन्ही महापालिकांनी आणि रेल्वेने सहा महिन्यांपुरते शहाडला हे करून पाहावे. महिनाअखेरीला वाटणीचा हिशेब जुळवायला माणसे नाहीत, ही सबब चालणार नाही. आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर निवृत्त बँकवाले रिकामेच बसलेले असतात, पैशापैशाचा फरक शोधून देतील, तेही फुकट. चहा तेवढा महापालिकेने पाजावा. कुठल्या, ते दोघींनी आपापसात ठरवावे.