थांबण्याचे कर्तव्य आणि रस्त्याचा हक्क

शाळेची बस रस्त्याच्या कडेला उभी राहते, दार उघडते आणि पाठीवर दप्तरे घेतलेली मुले एकामागून एक उतरू लागतात. त्या अर्ध्या मिनिटात मोटारवाल्याने थांबावे, याबद्दल दुमत नाही. परंतु मागून येणाऱ्या सायकलस्वाराचे कर्तव्य काय, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही. सायकल हे गरिबाचे वाहन. तिच्यामुळे कोणाचे काय बिघडणार, अशी सहानुभूती त्यामागे असते. ही सहानुभूती तपासून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील कायद्याने याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले आहे. शाळेच्या बसचे लाल दिवे उघडझाप करू लागले की मागच्या वाहनांनी थांबावे, आणि दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही थांबावे, हा तेथील सर्वसाधारण नियम होय. सायकलस्वाराचे हक्क आणि कर्तव्ये वाहनचालकाप्रमाणेच आहेत, असे बहुतेक राज्ये मानतात. म्हणून त्यालाही थांबावे लागते. आयडाहो राज्याने १९८२ पासून सायकलस्वाराला ‘थांबा’ फलकापाशी वेग कमी करून, रस्ता मोकळा असल्यास पुढे जाण्याची मुभा दिली आहे. परंतु मुले उतरविणाऱ्या बसपाशी ती मुभा चालत नाही.

या भेदामागील न्याय समजून घेतला पाहिजे. मोकळ्या चौकात सायकलस्वार धोका पत्करतो तो मुख्यतः स्वतःचा. बसपाशी धोका असतो तो मुलाला. सायकल रस्त्याच्या कडेने चालते आणि बसचे दारही कडेलाच उघडते. बस आणि पदपथ यांच्यामधल्या फटीतून शिरणारा सायकलस्वार नेमका पायरीवरून उतरणाऱ्या मुलाच्या अंगावर जातो. तिचा आवाज नसतो, आणि मूल तर आईला शोधत असते.

आपल्याकडे शाळेच्या बसचा विचार झाला, पण तो दुर्घटनेनंतर. १९९७ च्या नोव्हेंबरात दिल्लीतील वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुलांचा बळी गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने अनुभवी चालक, वेगनियंत्रक आणि मुलांबरोबर जबाबदार व्यक्ती यांविषयी आदेश दिले. त्यांचा भर बसवर होता. थांबलेल्या बसभोवतीच्या रहदारीने कसे वागावे, याची शिस्त मात्र अजून आपल्या रस्त्यांवर रुजलेली नाही.

सायकलची स्थिती तर अधिकच विचित्र आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार ती मोटार वाहन नाही. एके काळी शहरांतून सायकलवाल्याला बिल्ल्यासाठी, रात्रीच्या दिव्यासाठी आणि डबलसीटसाठी पोलीस हटकून अडवीत. दंड करताना राज्यसंस्थेला सायकल दिसत होती. रस्ते आखताना मात्र ती दिसेनाशी झाली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांना प्राधान्य देण्याचे मान्य केले. २०१९ च्या दुरुस्तीने बिगरयांत्रिक वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. तरीही सायकलमार्ग म्हणून आखलेल्या पट्ट्यांवर मोटारी उभ्या असतात, आणि पाळी गाठण्यासाठी निघालेला कामगार ट्रकच्या चाकांशेजारून वाट काढतो.

अशा माणसावर आणखी एक कर्तव्य लादावे काय, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. रस्त्यावरील न्याय सर्वांत दुबळ्यापासून सुरू होतो. ट्रकपुढे सायकलस्वार दुबळा आहे. सायकलपुढे सात वर्षांचे मूल त्याहून दुबळे आहे. ट्रकचालकाकडून जी अपेक्षा सायकलस्वार ठेवतो, तीच त्याने मुलाच्या बाबतीत पाळली, तर त्याची मागणी नैतिकदृष्ट्या अभेद्य होते. आणि तो थांबला, तर त्याचे जाते अर्धे मिनिट.

मात्र कर्तव्य घेताना त्याला वाहनचालक मानायचे आणि हक्क देताना विसरायचे, हा दुटप्पीपणा चालणार नाही. राज्य सरकारने नियम करावेत, त्यांत शाळेच्या बसपाशी थांबण्याचे बंधन सर्वांवर घालावे, आणि त्याच नियमांत सायकलस्वाराचा रस्त्यावरील वाटा निश्चित करावा. तोपर्यंत कार्यकर्त्यांनी कायद्याची वाट पाहू नये. आपल्या वस्तीतील बसथांब्यावर सकाळी उभे राहून सायकलस्वारांना थांबण्याची विनंती करावी, आणि त्यांनाच बरोबर घेऊन सायकलमार्गाची मागणी महानगरपालिकेच्या दारी न्यावी.