अंगठा म्हणजे होकार समजायचा का?

आमच्या येवल्यात पैठणीची मागणी आता मोबाइलवरही येते. विणकराने काठांचे फोटो पाठवायचे, मोर हवा की मुनिया ते विचारायचे आणि गिऱ्हाइकाने उत्तरादाखल एक पिवळा अंगठा धाडायचा. आता याचा अर्थ ‘पाहिले’ असा घ्यायचा, ‘आवडले’ असा, की ‘घ्या मागावर’ असा? एका भरजरी पैठणीत महिनोन्‌महिन्यांची मेहनत आणि रेशीम-जरीचा पैसा अडकतो. तेव्हा हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

खरे तर अशा खुणा आल्या त्या गैरसमज टाळण्यासाठीच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याची एक थट्टा काहींनी खरी मानली. त्यावरून १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फाहलमन या संगणकशास्त्रज्ञाने सुचविले, की थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि बंद कंस टंकावा. मान डावीकडे कलवली की हसरा चेहरा!

आपल्या पत्रांना ही गरज कधी पडली नाही. मायन्यावरून नाते कळे, अक्षराच्या वळणावरून मनःस्थिती; आणि ‘लोभ असावा’ गाळून पत्र नुसत्या ‘कळावे’वर थांबले, की समजणारा समजे. ई-मेलमध्ये मात्र सगळ्यांचेच अक्षर सारखे.

पुढे ई-मेलमध्ये चित्ररूप चेहरे आले आणि निराळीच गंमत झाली. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये ती तीन चिन्हे टंकली, की आपोआप गोल हसरा चेहरा उमटे. पण तो चेहरा म्हणजे ‘विंगडिंग्ज’ फॉन्टमधले इंग्रजी ‘जे’ अक्षर. ज्या संगणकाला तो फॉन्ट उमगत नसे, तिथे वाक्याच्या शेवटी नुसताच ‘जे’ दिसे आणि वाचणारा कोड्यात पडे. एका फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून ज्यांनी कपाळाला हात लावला आहे, त्यांना हे दुखणे वेगळे सांगायला नको. दोन्हींवर औषध एकच निघाले : युनिकोड. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, इमोजींचा मोठा संच २०१० मध्ये आला.

चित्र सगळीकडे सारखे उमटू लागले. अर्थाचे काय? कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात २०२१ मध्ये एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला. उत्तरात अंगठा आला, माल आलाच नाही. करार मिळाला एवढेच मी कळवले, असे शेतकऱ्याचे म्हणणे. न्यायालयाने दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले. तेव्हाही एखाद्या शब्दाच्या होकारावर माल गेला होता. म्हणून २०२३ मध्ये हा अंगठा म्हणजे सहीच, असे ठरले आणि सुमारे ८२ हजार डॉलर भरपाई बसली. २०२४ मध्ये अपिलातही तेच कायम राहिले.

आपल्याकडे अंगठा उठवला की खत पक्के आणि अंगठा दाखवला की हात हलवत परत! तेव्हा विणकराने रंग, काठ, किंमत आणि आगाऊ रक्कम एका ओळीत लिहून मागावी, असे माझे मत आहे. त्याने गिऱ्हाईक दुरावेल, ही भीती मला पटत नाही. पैठणीसाठी पुण्या-मुंबईहून येवल्याची वाट धरणाऱ्यांना एवढी एक ओळ जड का जावी?