धुण्याच्या यंत्रातून निघालेली पुस्तके

भाषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मांडव, हारतुरे, लांबलेले सत्कार आणि घड्याळाकडे न पाहणारा वक्ता उभा राहतो. आज आम्ही ज्या भाषणाविषयी लिहीत आहोत ते अवघे नऊ मिनिटांचे आहे, आणि त्याचा विषय आहे कपडे धुण्याचे यंत्र. माताभगिनींनी हा मजकूर जरूर वाचावा. घरातील पुरुषमंडळींनी तर त्यांच्याही आधी वाचावा.

वक्ते आहेत हान्स रोस्लिंग. स्वीडन देशातले डॉक्टर, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक. तरुणपणी आफ्रिकेतील मोझांबिक देशात त्यांनी गोरगरिबांवर उपचार केले. २०१७ साली ते वारले. हे भाषण त्यांनी डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत केले, आणि त्याची चित्रफीत आजही कोणालाही मोबाईलवर फुकट पाहता येते.

ते चार वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट ते सांगतात. आईवडिलांनी वर्षानुवर्षे पैसा साठवून यंत्र घेतले. पहिल्या दिवशी आजीला मुद्दाम बोलावले. या आजीने जन्मभर लाकडे पेटवून पाणी तापवले आणि सात मुलांचे कपडे हाताने धुतले. बटण मीच दाबणार, असा तिने हट्ट धरला. बटण दाबले आणि ती खुर्ची घेऊन यंत्रापुढे बसली, ती सगळे धुणे होईपर्यंत बघतच राहिली. आपल्याकडे पहिला टीव्ही आला तेव्हा माणसे अशीच बसत. आईचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. ती मुलाला म्हणाली, कपडे आत टाकले, आता काम यंत्र करील, आपण वाचनालयात जाऊ. तेथून ती मुलासाठी पुस्तके आणू लागली व वाचून दाखवू लागली. स्वतःसाठीही पुस्तके आणून ती इंग्रजी शिकली. भाषणाच्या शेवटी रोस्लिंग मंचावरच्या यंत्राचे झाकण उघडतात आणि आतून कपड्यांऐवजी पुस्तके काढून दाखवतात.

त्या वेळी जगाची लोकसंख्या सुमारे ७०० कोटी होती. त्यांनी हिशेब मांडला की, यांपैकी २०० कोटी लोकांना धुण्याचे यंत्र मिळाले आहे. उरलेल्या ५०० कोटींचे कपडे हातानेच धुतले जातात, आणि ते धुणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांचे काही विद्यार्थी म्हणत की, जगात सर्वांनाच मोटार आणि धुण्याचे यंत्र मिळणे परवडणारे नाही, पर्यावरणावर फार भार येईल. तेव्हा रोस्लिंग विचारीत, तुमच्यापैकी स्वतःची जीन पँट आणि पलंगाची चादर हाताने कोण धुतो? एकही हात वर होत नसे. आम्हाला या भाषणातली हीच जागा सर्वांत आवडली. स्वतः सोय भोगायची आणि दुसऱ्याला काटकसर शिकवायची, ही रीत आपल्या लोकांना काही नवी नाही.

आपल्या वस्तीत आजही कित्येक घरी नळाला पाणी कधी येते त्यावर बाईचा दिवस ठरतो. पाणी भरणे, धुणे, भांडी, मग कामावर जाणे, आल्यावर पुन्हा तेच. आई मुलांच्या अभ्यासाजवळ बसत नाही अशी तक्रार करणाऱ्याने एकदा तिच्या हातच्या बादल्या मोजाव्यात. आता, सर्वांनी हप्त्यावर यंत्र घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. जेथे पाण्याचा आणि विजेचा भरवसा नाही तेथे यंत्र कोपऱ्यात बसून शोभेचेच होणार. पण रविवारचे धुणे नवऱ्याने आणि मोठ्या मुलाने पिळले तर आईला तासभर मिळतो. त्याला वीजही लागत नाही.

हे भाषण ज्या संस्थेच्या संमेलनात झाले तिचे नाव 'टेड'. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे १९८४ साली तिचे पहिले संमेलन भरले. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि रचनाकला या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. वक्त्याला साधारण अठरा मिनिटांच्या वर वेळ नाही. (आपल्या सभांच्या संयोजकांनी या नियमाचा विचार करावा!) मात्र सभागृहात बसायचे तर तिकीट हजारो डॉलरचे. जून २००६ मध्ये संस्थेने निवडक भाषणांच्या चित्रफिती सर्वांना मोफत खुल्या केल्या. पहिल्या सहा भाषणांत रोस्लिंग यांचे एक होते. पुढे स्वयंसेवकांनी निरनिराळ्या भाषांत तळओळी लिहायला सुरुवात केली. काही भाषणांना मराठी तळओळीही मिळतात, म्हणून इंग्रजी येत नाही एवढ्यावरून कोणी मागे सरू नये.

तिकिटाने माणसाचे काय होते हे पाहायचे असेल तर मायकेल फॅरडेचे उदाहरण घ्यावे. लंडनमधल्या लोहाराचा हा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके वाचत वाचत त्याला विज्ञानाची गोडी लागली. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने प्रत्येक व्याख्यान टिपून घेतले, घरी नीट लिहून काढले, स्वतःच्या हाताने बांधले आणि डेव्हीकडे पाठवले. १८१३ मध्ये डेव्हीच्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली. १८३१ साली त्याने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून दाखवली. आजच्या वीजकेंद्रांतली जनित्रे याच तत्त्वावर चालतात, आणि रोस्लिंगच्या आजीने दाबलेल्या बटणामागेही तीच वीज होती. ते गिऱ्हाईक दयाळू निघाले म्हणून ठीक. ज्यांना असे गिऱ्हाईक भेटले नाही अशी किती पोरे दुकानातच म्हातारी झाली असतील!

तेव्हा ऐकताना वही जवळ असावी. टिपण्यासाठी, आणि तपासण्यासाठीही. चांगले बोलणारा माणूस खरेच बोलतो असे नाही. एमी कडी या प्राध्यापिकेचे २०१२ सालचे भाषण जगभर गाजले. दोन मिनिटे छाती काढून, हात पसरून उभे राहिले की शरीरातील संप्रेरके बदलतात आणि आत्मविश्वास वाढतो, असे त्यात सांगितले होते. मूळ प्रयोग केवळ ४२ माणसांवर झाला होता. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी सुमारे २०० जणांवर तो करून पाहिला तेव्हा संप्रेरकांतला बदल दिसला नाही. मूळ प्रयोगातल्या सहकारी डॅना कार्नी यांनीच २०१६ मध्ये जाहीर केले की या परिणामावर आपला विश्वास उरलेला नाही. भाषणाची चित्रफीत मात्र अजून फिरतेच आहे. मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ताठ जरूर बसावे, पण तयारीचा वेळ आरशापुढे घालवू नये.

लहान मुलांसाठी अरविंद गुप्ता यांच्या चित्रफिती आम्ही सर्वांत वर ठेवू. कानपूरच्या आय.आय.टी.चे अभियंते, पुण्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरी, १९७८ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतील विज्ञान शिक्षणाचे काम, नंतर पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांचे विज्ञान केंद्र, असा त्यांचा प्रवास. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या त्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीतही आहेत. सुरुवात आगपेटीच्या काड्यांपासून करावी. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणावी. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापावेत आणि काड्यांचा गूल खरवडून टोके त्यांत खुपसावीत. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण कलंडत नाही. मग मुलाला रेल्वेच्या लोखंडी पुलाजवळ न्यावे आणि त्रिकोण मोजायला सांगावेत.