चाळणी मोबाईलची, कान घरच्यांचे

पूर्वी कॅसेट विकत आणावी लागे. पैसे मोजणारे वडीलधारे माणूसच ती निवडत असे. आज आमच्या पंढरपुरात कित्येक घरी बाप हॉटेलात कामाला, आई मजुरीला आणि घरातला एकुलता मोबाईल मुलांच्या हाती. एक गाणे संपले की दुसरे आपोआप लागते. त्यात शिव्या असतात, बाईच्या देहावरची घाण भाषा असते. पाचवीतले पोर अर्थ न कळता तेच गुणगुणत शाळेत जाते.

यावर थोडा उपाय आहे. स्पॉटिफायच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्प्लिसिट' म्हणजे उघड अश्लील गाणी बंद करण्याची सोय आहे. ती वापरली की ज्या गाण्यापुढे इंग्रजी 'ई'चा शिक्का आहे, ते वाजत नाही. यूट्यूबवर 'रिस्ट्रिक्टेड मोड' आहे. तो प्रत्येक मोबाईलवर वेगळा चालू करावा लागतो. १९८५ साली अमेरिकेत काही महिलांनी संघटना काढून आवाज उठवला, तेव्हा गाण्यांच्या कंपन्या वेष्टनावर इशारा छापायला कबूल झाल्या. आजचा शिक्का त्यातूनच आला.

पण हा शिक्का लावतो कोण? ज्याचे गाणे, तोच. स्पॉटिफाय त्याच्याच माहितीवर विसंबते. त्याने लावला नाही, तर गाणे चाळणीतून सरळ खाली. मग आपली द्व्यर्थी मराठी गाणी कशी अडणार? दादा कोंडके यांच्या दोन अर्थांपुढे सेन्सॉरची माणसेही अडखळत. भाषा आणि चालीरीती बदलल्या की या मोडचे काम कमी-अधिक होते, हे यूट्यूबही मान्य करते. शिवाय मूल ते बटण पुन्हा फिरवू शकते.

म्हणून आमचे सांगणे असे. ही बटणे आजच लावून घ्या. जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलीला सोबत बसवा. आपोआप पुढचे गाणे लागणेही बंद करा. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज भीमगीतांत आहे, विठ्ठलाच्या गाण्यांतही आहे. तो याच मोबाईलवर मिळतो. अशा गाण्यांची यादी मुलांना करून द्या. आणि रात्री जेवणानंतर घडीभर त्यांच्याबरोबर ऐका. वाईट बोल कानी पडले तर मोबाईल हिसकावू नका. "हे कुणी आपल्या ताईला म्हटले तर?" एवढेच विचारा आणि मूल काय म्हणते ते शांतपणे ऐकून घ्या.