क्योतोत एक दिवस, चौघी जणी

मैत्रिणींनो, एका वाचक भगिनीने विचारलं आहे, “आम्ही चौघी जपानला माझ्या लेकाकडे जाणार आहोत. क्योतोला एकच दिवस मिळतो. सगळं बघून होईल का?”

स्पष्टच सांगते, नाही होणार. इ. स. ७९४ पासून हजारावर वर्षं जे गाव राजधानी होतं, ते एका दिवसात कसं सरेल? पण एक दिवस चांगला मात्र नक्की जाऊ शकतो. आम्हीही चौघीच गेलो होतो, ऑक्टोबरात. एक बँकेतून निवृत्त झालेली, एक शाळामास्तरीण, मी आणि आमच्या वहिनी. वहिनी सगळ्यांत मोठ्या. गुडघे दुखरे आणि गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मासा-मटणाचं नावही नको. “या वयात एवढ्या लांब कशाला?” असं घरच्यांनी म्हटलेलं असूनही आल्या होत्या.

पहिली गोष्ट, दिवस भल्या पहाटे सुरू करा. तिथली बरीचशी देवळं संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात, आणि दहानंतर गर्दी आपल्या श्रावणी सोमवारासारखी. फुशिमी इनारीला मात्र दार नाही आणि तिकीटही नाही. क्योतो स्टेशनावरून नारा लाइनवरचं दुसरंच स्टेशन. इनारी हा तांदळाचा देव, आणि कोल्हे त्याचे दूत. डोंगरावर शेंदरी कमानींचा बोगदाच आहे. जाताना कमानी कोऱ्या दिसतात. परत येताना वळून पाहा, प्रत्येकीच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख काळ्या अक्षरांत लिहिलेली असते. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर कोरतात ना, तसंच! माथ्यापर्यंत जायचा हट्ट धरू नका. आम्ही निम्म्यातून परतलो, कारण पुढचा दिवस पायांवरच काढायचा होता.

तिथून सान्जूसान्गेन्दो. नाव जड आहे, पण हे चुकवू नका. १२६६ साली पुन्हा बांधलेली, सुमारे १२० मीटर लांब लाकडी इमारत. आत कान्नोन, म्हणजे आपल्याला बौद्ध लेण्यांतून माहीत असलेला अवलोकितेश्वर. मधोमध बसलेली मोठी मूर्ती, आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा ओळींत पाचशे-पाचशे उभ्या. फोटो काढायचा नाही, चपला-बूट बाहेर काढायचे. (मोजे धड असू द्या हं! दिवसभरात किती वेळा पायतण काढावं लागतं, त्याचा आधी अंदाज येत नाही.) पुढच्या रांगेत अठ्ठावीस रक्षक देव आहेत. त्यांत आपले ब्रह्मा आणि इंद्र आहेत, आणि चोच असलेला, बासरी वाजवणारा गरुडही आहे. जपानीत त्याला ‘कारुरा’ म्हणतात. पंढरपूरच्या गरुडखांबाला आयुष्यभर मिठी मारत आलेल्या आमच्या वहिनी त्याच्यापुढून हलेनातच.

मग कियोमिझु देऊळ. आजचं मुख्य सभागृह १६३३ सालचं. डोंगरउतारावर सुमारे १३ मीटर उंच लाकडी खांबांवर त्याचा सज्जा उभा आहे, आणि त्याच्या जोडणीत खिळा नाही. मोठा निर्धार केला की ‘कियोमिझुच्या सज्जावरून उडी मारली’ असं जपानी लोक म्हणतात. चढ मात्र खडा आहे, आणि उतरताना दगडी पायऱ्या. वहिनींचे गुडघे इथेच बोलू लागले.

आता जेवणाचं. हे नीट वाचा. “मी शाकाहारी आहे” एवढं सांगून तिथे भागत नाही. वाळवलेल्या माशाच्या किसाचा काढा, ज्याला दाशी म्हणतात, तो सूपमध्ये असतो, शेवयांत असतो, पुष्कळदा उकडलेल्या भाजीतही असतो. त्यात माशाचा तुकडा दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्याला तो मासा वाटतच नाही. यासाठी निघण्यापूर्वीच एका कार्डावर जपानीत लिहून घ्या: मांस नको, मासा नको, माशाचा काढाही नको. आम्ही युदोफु घेतलं. समुद्रातली कोम्बु नावाची वनस्पती घातलेल्या गरम पाण्यात मऊ टोफूचे तुकडे. वहिनी हात लावणार, एवढ्यात मास्तरीणबाईंनी कार्ड पुढे केलं. मुलीने वाचलं, आत गेली, आणि येऊन टोफूसोबतची चटणीची वाटी उचलून नेली. दाशी त्यातच होती! तिच्या जागी मीठ आणि नुसता सोया सॉस आला. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण माळेवरचा हात तेव्हा कुठे खाली आला. दशम्या आणि मेतकूट बरोबर होतंच, म्हणून उपाशी कुणी राहिलं नाही.

दुपारी खरी अडचण आली. बँकेतलीचा जीव किन्काकुजीत, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेल्या मंदिरात. १९५० साली एका तरुण भिक्षूने ते जाळलं, १९५५ साली पुन्हा उभं राहिलं. पण ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बसला गर्दी. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही जा गं, मी इथेच पायरीवर बसते.”

हे वाक्य आपण सगळ्या ओळखतो. घरी “मला भूक नाही, तुम्ही घ्या” म्हणतो ना, त्याचंच हे भावंड. ते ऐकून तिघी निघून गेल्या तर वाईट, आणि तिघी तोंड पाडून थांबल्या तर त्याहून वाईट. थांबवणारीला ते सगळं दिसत असतं. आम्ही सरळ दोन-दोन झालो. त्या दोघी किन्काकुजीला. वहिनी आणि मी टॅक्सीने कामो नदीवर. सहा वाजता शिजो पुलाच्या पूर्व टोकाला, मिनामिझा नाट्यगृहासमोर भेटायचं ठरलं. फोन असला तरी जागा आणि वेळ अशी तोंडी ठरवून ठेवाच.

नदीकाठी वहिनींनी बूट काढले, पाय लांब केले. “या वेळी घरी दुसरा चहा टाकत असते,” म्हणाल्या, आणि तासभर गप्प बसल्या. मग आपणहून उठून निशिकी बाजारात आल्या. जेमतेम चारशे मीटरची अरुंद गल्ली, पण लोणच्यांपाशीच आमचा वेळ गेला. तेल नाही, फोडणी नाही. भाताच्या कोंड्यात मीठ घालून त्यात मुळा-काकडी पुरतात. तिथे चालता चालता खाऊ नये, दुकानापाशी उभं राहून संपवावं. कचरापेटी शोधून सापडत नाही, तेव्हा एक पिशवी आणि हातरुमाल जवळ हवाच.

सहाला दोघी आल्या, घामाघूम आणि खूश. रात्री हिशोब. आम्ही रोज सारखे पैसे एका पाकिटात टाकत होतो आणि बँकेतली वहीत लिहीत होती. टॅक्सीचं भाडं वहिनी आपल्या पर्समधून काढू लागल्या. बँकेतलीने मान वर न करता ते ‘सामाईक’खाली मांडलं, आणि विचारलं, “लोणच्याचे किती झाले?”