न्यूट्रलची काटकसर महागात पडेल

भंडाऱ्याहून नागपूर किंवा रायपूरकडे माल घेऊन जाणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांची एक जुनी सवय आहे. पुलाचा उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची. पितळी भांड्यांच्या धंद्यात नफा बेताचा, तेव्हा वाचले तेवढे इंधन म्हणजे कमाई, हा हिशेब. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो थोडाफार जमतही असे.

२०२२ साली ग्रँड विटारा, हायरायडर अशा ऑटोमॅटिक हायब्रिड गाड्या बाजारात आल्या. त्यांत हा हिशेब उलटा पडतो. गाडी ‘डी’मध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की चाकांच्या जोरावर मोटर वीज तयार करते आणि ती बॅटरीत साठते. ब्रेक दाबला तर आणखी साठते. पुढे त्याच विजेवर गाडी चालते, पेट्रोल वाचते. ‘एन’मध्ये हे सारे थांबते. फुकटची वीज जाते आणि गाडी आवरण्याचा सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो. भरलेल्या गाडीला उतारावर हे धोक्याचे आहे.

न्यूट्रलचा खरा उपयोग संकटात आहे. ॲक्सिलरेटर अडकून गाडी आपोआप धावू लागली, तर ‘एन’ करावे, ब्रेक घट्ट दाबावा व गाडी कडेला घ्यावी.

आपली गाडी बहुधा नोकरच चालवितो. त्याला हे दोन्ही आजच समजावून सांगा. चार पैशांच्या बचतीपायी माल आणि माणूस पणाला लावणे हा व्यापार नव्हे.