भरल्या पाण्याची टंचाई

मार्च सरला की पाणीटंचाईवरच्या कवितांचा हंगाम सुरू होतो. भेगाळलेली भुई, बरगड्या दिसणारी गुरं, आभाळाकडे लागलेले डोळे आणि शेवटी हमखास एक चातक. माणदेशातल्या कवीने हे लिहिलं तर ते त्याच्या दारातलं असतं. महाड-पोलादपूरच्या कवीनेही तेच लिहावं, हे मात्र मला खटकतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुलखाने आभाळावर रुसायचं कशाला? महाबळेश्वरहून उतरणारी सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्रात जाते. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, त्याच पावसात तळिये गावावर दरड कोसळली. आणि पुढचा उन्हाळा आला की डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. उतार तीव्र, माती पातळ, खाली कातळ. पाणी ठरतच नाही. करवंदं पिकलेली असतात, आंब्याला पाड लागलेला असतो आणि हंडा रिकामा.

या टंचाईची भाषा शोधायला मी दया पवारांच्या ‘धरण’कडे जातो. पवार अकोले तालुक्यातले, कोकणाशी संबंध नाही. तरी ही कविता इथल्या वाड्यांना जास्त लागू पडते. बोलणारी बाई धरणाच्या कामावरची मजूर. कवितेत रुसलेला पाऊस नाही. उलट दुसऱ्याचा ऊस गोडीने भरलाय, वेल मांडवावर गेलाय, त्याचं आळं हिच्या घामाने भिजतंय; आणि हिला मात्र एका घोटासाठी रान पालथं घालावं लागतं. कोरडेपणा दाखवायला पवारांनी ओलावा वापरला. भाषाही तशीच नेमकी. पहाटे जात्यातलं पीठ संपतं, तिथे ते ‘आटतं’. पाण्याचं क्रियापद पिठाला लावून त्यांनी घरातली चणचण आणि बाहेरची तहान एकाच शब्दात बसवली. धरण आणि मरण हे यमक तर कवितेचा कणाच. पण ते मरण ही बाई भोगत नाही, कांडते. मरणसुद्धा तिच्या कामांच्या यादीत आहे. लय ओवीची, साद दुसऱ्या बाईला, आवाज कुठेही चढलेला नाही. (गाणारे कधी कधी चाल इतकी गोड करतात की मुसळाचा घाव ऐकूच येत नाही, ही माझी जुनी तक्रार.)

भरल्या पाण्याकाठची तहान महाडला नवी नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या १९२३च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं, ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथलं पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं: पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. या घटनेवर लिहिताना ओंजळ सगळ्यांनाच आठवते. मला त्या घागरी अधिक बोलक्या वाटतात. आपल्या कवितेत घागर गौळणीच्या डोक्यावर असते, सासुरवाशिणीच्या कमरेवर असते. महाडात ती पाणी तोडण्याचं हत्यार झाली. तळं भरलेलं, घागर भरलेली, माणूस तहानलेला. टंचाईची याहून नेमकी प्रतिमा मला ठाऊक नाही.

आजही कवीला प्रतिमा शोधत लांब जायला नको. टँकरचं पाणी बहुतेक वेळा गावच्या कोरड्या विहिरीत ओततात आणि बायका तेच पुन्हा पोहऱ्याने वर ओढतात. ज्या विहिरीने पाणी द्यायचं तिलाच पाणी पाजायचं आणि मग तिच्याकडेच मागायचं! यावर अलंकार चढवायची गरजच काय?

शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, म्हणजे कवितेचं या गावाला वावडं नाही. तिथल्या लिहित्या पोरापोरींना एवढंच सांगणं: चातकाला रजा द्या. टँकर येईल त्या दिवशी विहिरीवर जाऊन उभे राहा, बायका काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत टिपा, आणि लिहिलेलं या सदराकडे पाठवा.